एकतीस फोटो आणि एक बटण

६ नोव्हेंबर २०११, रविवार. सकाळी ७.
आजपासून रोज लिहिणार. मोठी माणसं लिहितात.
ठराव: येळवसेच्या, म्हणजे शेतात साजऱ्या होणाऱ्या वेळ अमावास्येच्या आत, २४ डिसेंबरच्या आत, खटकचिंचोळीचा पहिला पॉडकास्ट काढायचा. पॉडकास्ट म्हणजे रेडिओच, पण ऐकणाऱ्याच्या सवडीनं चालणारा. शोध माझा नाही, पण गावात आणतोय मी. माय गोष्टी सांगणार: मेंढरं घेऊन हिंडायचे दिवस, मुक्कामाची गावं, चुकलेली कोकरं. पुण्या-हैदराबादला गेलेली आपली माणसं ऐकणार. आवाज मायचा, बाकी सगळं माझं. नाव ठरलं: महांतेशवाणी.
मायनं एकच विचारलं, इरप्पाला ऐकू जाईल का रं? म्हटलं, अमेरिकेला ऐकू जाईल.

७ नोव्हेंबर.
इरप्पा माझा धाकटा भाऊ. पुण्यात सेंट्रिंगच्या कामावर. दोन येळवसा झाल्या, गावाकडं फिरकला नाही. माय दोन्ही वेळा त्याचं ताट वाढून बसली.
कारण काय, तर आमच्या घरभरणीचा फ्लेक्स. फोटो-फ्लेक्सचा स्टुडिओ माझा, डिझाइन माझं. त्याचा फोटो शेवटच्या ओळीत आला. वरची जागा संपली होती. त्यात खिळे मारताना तो अर्धा चौकटीमागं गेला. पठ्ठ्या न जेवता निघून गेला. माझा फोन उचलत नाही. एवढ्याशा गोष्टीवरून! लोकांना डिझाइनमधलं काही कळत नाही.

९ नोव्हेंबर.
मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू. माय प्रत्येक गोष्टीआधी म्हणते, इरप्पा, ऐकायलास का? मी सांगितलं, माय, श्रोतेहो म्हण. ती म्हणाली, मी वळखत न्हाई त्यास्नी.
नंतर कापून टाकू. आधी माझं प्रास्ताविक जोडलं. चौदा मिनिटं. थोडक्यात आटोपलं.

१३ नोव्हेंबर.
मेहुणा सुनीलकुमार हैदराबादला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. त्याला फोन केला. म्हणाला, दाजी, आधी लँडिंग पेज करा. म्हणजे इंटरनेटवरून येणारा माणूस पहिल्यांदा जिथं उतरतो ते पान. नाव, काय ऐकायला मिळणार ते एका ओळीत, एक फोटो आणि एक बटण. बटण दाबलं की आवाज. बाकी काही नको.
एक फोटो पुरे म्हणे. माझा आहेच, गॉगलवाला.

१४ नोव्हेंबर.
विचार केला. पान म्हणजे इंटरनेटवरचा फ्लेक्सच की! आणि फ्लेक्समध्ये भालकी तालुक्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. दोन दिवसांत काम फत्ते.

१९ नोव्हेंबर.
शेजारचा सोडावाला श्रीमंत स्टुडिओत डोकावला. म्हणाला, माझा फोटो कामून न्हाई? शुभेच्छुक म्हणून टाकला. संध्याकाळी पंचायतीचे मेंबर हावगेप्पा आले. सोडावाला हाय आन् मेंबर न्हाई, व्हय रं? त्यांचा श्रीमंतच्या वर टाकला, दीडपट मोठा. श्रीमंतनं सोडा द्यायचा बंद केला.

२६ नोव्हेंबर.
फोटो सतरा. बटण गर्दीत दिसेनासं झालं, म्हणून त्याला सोनेरी किनार दिली. वर 'आपले आगमन प्रार्थनीय' टाकलं. मानपान सांभाळून डिझाइन करणं येरागबाळ्याचं काम नाही.
दोन दिवसांत काम फत्ते.

४ डिसेंबर.
फोटो तीस. माझी बायको मंगल म्हणाली, भावजींचा कुठं हाय? टाकला. एकतिसावा. तळाला, बटणाच्या डावीकडं, पोस्टाच्या तिकिटाएवढा. जागा नव्हती. पण यंदा खिळ्याची भीती नाही.
मंगलनं जुनं मेमरी कार्ड मागितलं आणि माझ्या मोबाइलमधून काय काय भरून घेतलं. गाणी असतील. दुपारी भालकीला जाऊन आली.

११ डिसेंबर.
सुनीलकुमारला पान पाठवलं. त्यानं फोन केला. म्हणाला, दाजी, हे सगळं मिळून एकच चित्र आहे. बटणसुद्धा चित्रच आहे, ते दाबलं जाणार नाही. मी म्हटलं, दाबावंसं वाटतंय ना, झालं तर. शेवटी त्यानंच खरं बटण जोडून दिलं, सगळ्या शुभेच्छुकांच्या खाली. बरं झालं. लोक सगळ्यांना मान देत देत खाली उतरतील.

१८ डिसेंबर. सकाळी ११.
उद्घाटन. कॉम्प्युटरपुढं नारळ फोडला. पाणी कीबोर्डवर गेलं. पान वरून हळूहळू उघडायला लागलं. माझा गॉगल दिसला, टाळ्या. सात मिनिटांनी हावगेप्पा गळ्यापर्यंत आले आणि करंट गेला. ते चिडून निघून गेले. बाकी कार्यक्रम उत्तम.

२१ डिसेंबर.
पान पाहिलेल्यांचा आकडा: नऊ! सुनीलकुमार म्हणाला, नऊही वेळा तुमच्याच कॉम्प्युटरवरून आहे. असेना. नियमित प्रेक्षक मिळतो कुठं?
इरप्पाला पत्ता मेसेज केला. उत्तर नाही. माय रोज विचारते, ऐकला का त्यानं? मी म्हणतो, लोड व्हायलंय.

२२ डिसेंबर.
ज्यांच्याकडं नेट नाही त्यांच्यासाठी पानाचाच फ्लेक्स छापला. दहा बाय सहा. बटण फार सुंदर आलंय.

२४ डिसेंबर. येळवस.
शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी केली. तिच्यात पाच दगड मांडून पांडवांची पूजा झाली. जेवणाला आंबील, भज्जी, उंडे. फ्लेक्स दोन बाभळींना ताणून बांधला. चंद्रम्मा काकूनं बटण दाबून पाहिलं. दोनदा.
बारा वाजता बांधावरून इरप्पा आला. खांद्याला बॅग. मला वाटलं, आलं माझं पान कामाला! धावत जाऊन विचारलं, पान कसं वाटलं? म्हणाला, कसलं पान, अण्णा? वहिनीनं ट्रॅव्हल्सच्या डायवरापाशी कार्ड दिल्तं. समदी बांधकामाच्या सायटीवर ऐकायलेत. हळ्ळीखेडची पोरं, दुबलगुंडीचा मिस्त्री. माय म्हंती, इरप्पा, ऐकायलास का, की समदी माझ्याकडं बघायलेत. कितीदा ऐकून गप बसावं? बसलो गाडीत.
आणि माझं प्रास्ताविक? मंगल म्हणाली, कार्डात जागा नव्हती.
इरप्पा मायशेजारी जेवायला बसला. तीनदा आंबील घेतली. मला भरून आलं. लिहायला हरकत नाही, वाचतंय कोण.
जेवणं झाल्यावर माय फ्लेक्सपाशी गेली. तिला वाचता येत नाही, पण माणसं ओळखते. वरून बोट फिरवत निघाली. माझा गॉगल, हावगेप्पा, श्रीमंत. खाली इरप्पापाशी जरा थांबली. मग पुन्हा वर गेली. पुन्हा खाली आली. मी विचारलं, माय, काय हुडकायलीस?
म्हणाली, ह्यात मी कुठं हाव रं?
मी म्हटलं, माय, जागा...

२५ डिसेंबर.
फ्लेक्स कडब्याच्या गंजीवर टाकला, पालथा. इरप्पानं दोरी बांधली.
मायला स्टुडिओत स्टुलावर बसवून एक फोटो काढला. गॉगल तिनं लावू दिला नाही.
आज ठराव नाही.