दुसऱ्या अदारातला दिवा

प्रिय धाकट्या,

तुझे गुडघे कसे आहेत? बायकोचा खोकला थांबला का? नातवाला दात आले?

आई अदार महिन्यात गेली. आपल्या यहुदी पंचांगात अधिक महिना धरून ज्या वर्षी दोन अदार येतात, त्या वर्षी तिच्या आठवणीचा दिवा पहिल्यात लावायचा की दुसऱ्यात, यावरून आपण इतकी वर्षं अबोला धरून बसलो. यंदा पुन्हा दोन आले. पहिल्यात मी माझ्या हट्टाने लावलाच. काल दुसऱ्यातही लावला, तुझ्या तिथीला.

नात म्हणाली, "आजी, हरलीस की गं!"

"हरले कसली? आईला दोन दिवे काय जड होतात?"

पण खरं सांगते, तू तिकडे एकटाच लावत असशील, या विचाराने जीव तुटला. तुला आधी लिहिलेली पत्रं पोस्टात न टाकताच खणात पडून आहेत. हे टाकायचा धीर झाला, तर लगेच उत्तर लिही.

तुझी हट्टी ताई