दीड इंच आखूड

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा जुन्या मोटारींचे सुटे भाग विकणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. तपासताना त्यांनी मला आजची तारीख विचारली. ती मी सांगितली, आणि त्यांच्या गाडीचा मागचा डावा दिवा दुसऱ्याच वर्षाच्या मॉडेलचा बसवलेला आहे, हेही सांगितले. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही, की गोड बोलून कोणी हे लिहवून घेतलेले नाही. नऊ वर्षांपूर्वी केलेले माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सगळे मुलाला दिले होते आणि दिराचा उल्लेखही नव्हता. तो का नव्हता आणि आता का आहे, हे पुढे सविस्तर येईल.

कलम १. दुकान, म्हणजे रस्त्याकडचा गाळा, काउंटर, मांडण्या आणि त्यांवरचा सगळा माल, माझ्या मुलाला द्यावा. तो गेली दहा वर्षे ते सांभाळतो आहे. संगणकावर त्याने सगळ्या मालाची यादी केली आहे आणि ती चांगली आहे. तरीही गिऱ्हाईक जुना भाग घेऊन आले की तो हातात घ्यावा, मोजपट्टी लावावी, मग यादी बघावी. हा क्रम उलटा करू नये.

कलम २. दुकानामागची गॅरेजची जागा, खड्डा, जॅक, ऐरण व हत्यारांच्या दोन्ही पेट्या माझ्या दिराच्या आहेत. 'द्याव्यात' असे मी लिहीत नाही, कारण त्या कधी माझ्या नव्हत्याच. कागदावर माझे नाव लागले ते तो निघून गेल्यामुळे. राहत्या घराचा खालचा मजलाही त्याच्या नावे करावा. वरचा मजला मुलाचा व सुनेचा. सुनेने मला स्पष्ट विचारले, "आई, आमची दोन मुलं या दोन खोल्यांत कशी मावायची?" तिचा प्रश्न रास्त आहे. अडचण होईल, ती सोसावी.

कलम ३. माझी नणंद. माझे यजमान गेले त्या महिन्यात ती दुकानात उभी राहून चार लोकांत म्हणाली होती, "हिला नट कुठला नि बोल्ट कुठला ते तरी कळतं का? विकून टाका." पस्तीस वर्षे मी ते वाक्य विसरले नाही. तिला माझे शिवणयंत्र पेटीसकट द्यावे. यंत्र चांगले चालते. राग आहे म्हणून मोडकी वस्तू देणाऱ्यांतली मी नाही.

कलम ४. आता ज्यासाठी मी हा कागद नव्याने लिहायला घेतला, ते.

यजमान गेले तेव्हा मी अडतीस वर्षांची होते आणि मुलगा दीड वर्षाचा. दुकान यजमानांचे, मागचे गॅरेज त्यांच्या धाकट्या भावाचे. नणंदेचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. मला खरोखर काही कळत नव्हते. भाऊजींनी शिकवले. दुपारी गिऱ्हाईक नसले की ते एकेक भाग काउंटरवर ठेवत आणि मला डोळे मिटून हात लावायला सांगत. "वहिनी, बघू नका. बोटांनी सांगा." पहिल्या वर्षी मी चुकत होते, दुसऱ्या वर्षी कमी चुकले. यजमानांची एक जाड वही होती. प्रत्येक गाडीचे बारकावे, कंपनीच्या तक्त्यातल्या चुका, सगळे त्यांनी त्यात टिपून ठेवले होते. आरंभी मी त्या वहीशिवाय एक वायसरही विकत नसे. पुढे नाव झाले. लोक लांबून येऊ लागले, जुन्या गाडीचा अडलेला भाग बाईंकडे मिळतो म्हणून. मग मी वही उघडायची सोडली. मला सगळे पाठ आहे, असे मी अभिमानाने सांगत असे.

बावीस वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतले गुरुजी आले. गुरुजी म्हणजे शाळेत गणित शिकवणारे. वडिलांची गाडी त्यांनी जिवापाड जपली होती. तिच्या पुढच्या चाकाच्या ब्रेकचा होस, म्हणजे ब्रेकचे तेल चाकापर्यंत नेणारा रबरी पाइप, चिरला होता. ती गाडी बनायची बंद होऊन तेव्हाच बारा वर्षे झाली होती. मी तीन दिवस शोधला. शेवटी एका व्यापाऱ्याकडे मिळाला. तक्त्यातला नंबर आणि पाकिटावरचा नंबर तंतोतंत जुळत होता.

भाऊजींनी तो हातात घेतला, चाकाशी धरून पाहिला आणि मला हाक मारली.

"वहिनी, हा आखूड वाटतोय."

"नंबर तोच आहे."

"आटे बसतायत. पण चाक पूर्ण वळवलं की ताणतोय बघा."

मी बघायला वाकले नाही. काउंटरवर गिऱ्हाईक होते. म्हटले, "भाऊजी, गुरुजी तीन दिवस पायी शाळेत जातायत. नंबर जुळतोय ना? मग बसवा."

त्यांनी बसवला.

अकरा आठवड्यांनी, पाण्याच्या टाकीजवळच्या उतारावर, वळणात तो होस फाटला. त्या गाडीच्या चारही चाकांचे ब्रेक एकाच तेलावर चालत. तेल गेले आणि पेडल जमिनीला टेकले. गुरुजींनी हँडब्रेक ओढला, तो त्या उताराला पुरला नाही. समोर शाळेतली मुले रस्ता ओलांडत होती, म्हणून त्यांनी गाडी मुद्दाम भिंतीवर घातली. मुलांना खरचटलेही नाही. गुरुजींचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

चौकशीला परवाना कचेरीचे साहेब आले. फाटलेला होस त्यांच्या हातात होता.

"हा कोणी बसवला?"

"मी," भाऊजी म्हणाले.

"नीट बघून बसवला होता?"

"बघूनच बसवला."

एवढेच. मला विचारले होते, मी बसवा म्हणाले होते, यातले एक अक्षर त्यांनी तोंडातून काढले नाही. मग साहेब माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही दिलेला पार्ट योग्य होता?"

मी म्हणाले, "हो."

ते गेल्यावर मी वही काढली. यजमानांचे अक्षर स्वच्छ होते: "सावध. या वर्षाच्या मध्यापासून या गाडीचा पुढचा होस दीड इंच लांब केला आहे. तक्त्यात जुनाच नंबर छापला जातो. लांबी मोजल्याशिवाय देऊ नये." मी ते पान फाडले आणि माझ्या कपाटात ठेवले. साहेबांची गाडी अजून गल्लीच्या तोंडाशीच होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

निष्काळजीपणाने बसवल्याचा ठपका भाऊजींवर आला. गॅरेजचा परवाना गेला. माझा मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा होता. जेवताना तो म्हणाला, "काका, तुमच्यामुळे आमच्या दुकानाचं नाव गेलं." भाऊजींनी माझ्याकडे पाहिले. मी आमटी वाढत राहिले. ते ताटावरून उठले नाहीत, जेवण पूर्ण केले, ताट स्वतः धुतले. त्याच महिन्यात ते दुसऱ्या गावी, एका बस डेपोत कामाला लागले. लग्न त्यांनी केले नव्हते, पुढेही केले नाही. वर्षातून एकदा पत्र येई. त्यात माझ्या मुलाच्या शिक्षणाची चौकशी असे.

दुकानाचे नाव गेले नाही. गिऱ्हाईक येतच राहिले.

कलम ५. गेल्या वर्षी गुरुजी दुकानात आले. कृत्रिम पाय, हातात काठी. गाडी वीस वर्षांहून अधिक काळ त्यांच्या अंगणात ताडपत्रीखाली होती. मुलीला ती चालवायची आहे, म्हणाले. "एंजिन फिरतंय. बाकीचं होईल. तो होस तेवढा मिळवून द्या. तुम्ही दिलेला बरोबर होता, बसवणाऱ्यानं घोळ घातला. म्हणून तुमच्याकडेच आलो."

मी "शोधते" म्हणाले.

पाच महिने शोधला. भंगारवाल्यांकडे गेले, पत्रे लिहिली, मुलाला संगणकावर शोधायला लावले. अखेर एका बंद पडलेल्या कारखान्याच्या भांडारपालाकडे योग्य लांबीचा होस मिळाला, पाकीटही फोडलेले नव्हते. घरी आणून जरासा वाकवला तर रबर तडकले. इतक्या वर्षांचे रबर वापरले नसले तरी मरते, हे मी दुसऱ्या कोणालाही सांगितले असते. पण माप मिळाले. त्या मापाचा नवा होस मी होस बनवणाऱ्याकडून करून घेतला, दोन्ही टोकांचे आटे जुळवून, दाब देऊन तपासून. तीनदा मोजला.

तो घेऊन मी भाऊजींकडे गेले. डेपोतून निवृत्त होऊन ते एका खोलीत राहत होते. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह, खिडकीत पुसून ठेवलेले लोखंडी पाने. मी होस त्यांच्यापुढे ठेवला आणि वहीचे पान ठेवले. त्यांनी पान वाचले. भावाचे अक्षर होते, म्हणून दोनदा वाचले.

मी विचारले, "भाऊजी, त्या दिवशी तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो होतो," ते म्हणाले. "मग फार दिवस झाले."

मी रडले. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. थोड्या वेळाने म्हणाले, "आटे बसत होते, पण ताणत होता. मला दिसत होतं. तरी मी बसवला. तेवढं माझंच आहे, ते तुमच्या अंगावर घेऊ नका."

"हा नवा बसवायला याल?"

"आधी गुरुजींना सांगा. मग मी पान्याला हात लावतो."

मी गुरुजींना सांगितले. त्यांच्या घरी, त्यांच्या मुलीसमोर, उभ्याने. गुरुजींनी पान वाचून खाली ठेवले. मग म्हणाले, "बावीस वर्षं मी त्या माणसाला शिव्या दिल्या." मुलीने मला दारापर्यंत सोडले आणि दार लावून घेतले.

आठ दिवसांनी निरोप आला: बसवायला त्यांनाच पाठवा.

भाऊजी आले. गुरुजींच्या अंगणात त्यांनी गाडी जॅकवर उचलली, होस लावला, मग चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले. "वहिनी, वाका आणि बघा," म्हणाले. माझे गुडघे दुखतात. तरी मी फरशीवर पडून पाहिले. ताण नव्हता.

मुलाला मी त्याच दिवशी सगळे सांगितले. तो म्हणाला, "आई, मी काकाला काय काय बोललो होतो." त्यानंतर महिनाभर तो माझ्याशी दुकानापुरतेच बोलला. काकाकडे तो दोनदा जाऊन आला आहे. त्यांचे काय बोलणे झाले ते मी विचारलेले नाही.

कलम ६. बँकेतली शिल्लक दोन सारखे भाग करून मुलाला व दिराला द्यावी. गुरुजींना मी काही ठेवणार होते. ते म्हणाले, "माझ्या पायाची किंमत लावू नका." म्हणून त्यांना काही ठेवलेले नाही.

कलम ७. यजमानांची वही मुलाकडे राहील. फाडलेले पान या मृत्युपत्राला जोडले आहे. माझ्या पश्चात ते वहीत चिकटवू नये. फाडलेले दिसू द्यावे.

कलम ८. कलम ४ ची एक प्रत परवाना देणाऱ्या कचेरीला माझ्या सहीनिशी आजच पाठवली आहे. दुसरी प्रत मी गेल्यावर दुकानाच्या काचेला आतून लावावी, महिनाभर. वाचणाऱ्याला वाचू द्यावे. मुलाने लाजून ती लवकर काढू नये. समोरचा दुकानदार नकली मालावर अस्सलची पाकिटे चढवतो हे सगळ्या बाजाराला माहीत आहे, आणि मी त्याला आयुष्यभर नावे ठेवली. तो हसेल. त्याला हसू द्यावे.

शेवटी साक्षीदारांबद्दल. वकील म्हणाले, साक्षीदाराने मजकूर वाचण्याची गरज नसते, फक्त माझी सही पाहायची असते. मला मात्र गरज वाटली. एक साक्षीदार डॉक्टरीणबाई. दुसरे कोण, यावर मी चार दिवस घालवले आणि मग गुरुजींकडे गेले. त्यांनी कागद ठेवून घेतला. काल संध्याकाळी ते काठी टेकत स्वतः आले, भाऊजी भेटायला आलेले होते, त्यांनी खुर्ची दिली. गुरुजींनी बसताना भाऊजींच्या खांद्याचा आधार घेतला.

मग ते मला म्हणाले, "लिहिलंय ते खरं आहे, म्हणून उद्या सही करतो. पण मी माफ केलं, असं यात कुठे घालू नका."

"घातलेलं नाही," मी म्हणाले.

"बघितलं मी. म्हणूनच आलो."

वरील सर्व मजकूर मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही करीत आहे. त्यांनीही माझ्या देखत सह्या केल्या आहेत.

स्थळ: राहते घर, खालचा मजला
दिनांक: ९ नोव्हेंबर, सकाळी दहा वाजता

लिहून ठेवणारीची सही: ____________

साक्षीदार १: ____________ (डॉक्टरीणबाई)

साक्षीदार २: ____________ (गुरुजी, निवृत्त गणित शिक्षक)