आत ढकललेलं हँडल

एडिसन, न्यू जर्सी
४ ऑक्टोबर २००६

ती. राधाआक्कास राजूचा सा. न.

पुन्हा तेच लिहिलंस, की मला बापाची, अण्णांची माया नाही. गेलास तर परत तोंड दाखवू नकोस, हे तेच म्हणाले होते, मी नव्हे. तू दारातच होतीस की. शिवाय व्हिसा संपून दोन वर्षं झाली. इथून निघालो तर परत घेणार नाहीत. फोनवर तू रडतेस, मी चिडतो, कार्ड संपतं, म्हणून लिहितोय.

काम मात्र झकास. आठवीत शाळा सोडून उद्यमनगरात पत्रा ठोकायला शिकलो, ते इथं उपयोगी पडलं. एका हौशी म्हाताऱ्याच्या शेडमध्ये समुद्रातून काढलेलं जपानी विमान आम्ही दुरुस्त करतोय. लढाईतलं, टेहळणीचं. नाकावर एकामागे एक दोन पंखे, उलटसुलट फिरणारे. चाकं नाहीत, पाण्यावर उतरायला पोटाखाली होडीएवढा फ्लोट. शत्रू मागे लागला की वैमानिकानं हँडल ओढायचं, फ्लोट गळून पडायचा, विमान हलकं होऊन पळायचं. मग उतरायचं कुठं, असं मी मोहनकाकांना विचारलं. ते नागपूरचे, रिटायर इंजिनिअर, आमचे फोरमन. म्हणाले, पोटावर, पाण्यात. विमान जायचं, माणूस वाचला तर वाचला.

आमच्या विमानाला फ्लोट नाहीच. हँडल बाहेर ओढलेलं, तसंच गंजून बसलेलं. पान्हा लावून लोंबकळलो तरी हललं नाही.

रविवारी खंडेनवमी. ओक ट्री रोडवरून झेंडू आणला, हत्यारं मांडली, त्या हँडललाही कुंकू लावलं. कुलूप घालून किल्ली खिशात टाकली. सोमवारी उघडलं तर हँडल आत ढकललेलं. कुंकवात अंगठा उमटलेला, रुंद, मधे आडवा चरा. माझा नाही, काकांचाही नाही. काका म्हणाले, गंज सुटला असेल. तो ठसा पुसायला माझा हात धजत नाही.

अण्णांच्या गोळ्या चुकवू नकोस. राग उतरेल तेवढा उतरू दे, उरलेल्यात लोभ ठेव.

तुझा,
राजू


कोल्हापूर
१८ ऑक्टोबर २००६

चि. राजूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र उभ्यानं वाचायला घेतलं आणि मधेच खाली बसले. तुला कळवलं नव्हतं, अण्णांचा उजवा हात ऑगस्टपासून लुळा पडलाय. घासही मी भरवते. यंदा घरात खंडेनवमी केली नाही, हत्यारांची पेटी माळ्यावरच आहे. तरी सोमवारी सकाळी अंग पुसायला गेले तर त्यांचा उजवा अंगठा लाल. लेथवर कापला होता तोच, आडव्या चऱ्याचा. रक्त वाटलं, पुसलं तर कुंकू.

विचारलं, तर जड जिभेनं म्हणाले, की आत ढकललंय, आता उतरेल तो. मला वाटलं भ्रमात आहेत. तेव्हापासून दाराकडे तोंड करून निजवायला लावतात. डॉक्टर म्हणतात, दिवाळीनंतरचं सांगता येत नाही.

ये असं मी म्हणत नाही. घडलं ते कळवलं. पान्ह्याला लोंबकळत जाऊ नकोस, तुझं वजन ते काय.

जीव सांभाळ.
आक्का


एडिसन
१ नोव्हेंबर २००६

ती. आक्कास सा. न.

तुझं पत्र मोहनकाकांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि शेडची किल्ली माझ्याकडून काढून घेतली. म्हणाले, की आता तू इथं दिसायचा नाहीस.

शेडमधून निघायच्या आधी एकदा हँडल बाहेर ओढून बघितलं. जाम हलत नाही. कुंकू मात्र अजून ओलं आहे, महिना झाला.

एकोणीस तारखेचं विमान आहे. परत घेणार नाहीत हे ठाऊक आहे. पोटावर उतरतो. अण्णांना सांग, तोंड दाखवायला येतोय. तोवर त्यांना दाराकडेच निजव.

भेटल्यावर एक थप्पड दे, पण लोभ सोडू नकोस.

तिकिटात सगळे पैसे गेले. गोळ्यांना म्हणून या वेळी एवढेच धाडतोय, चाळीस डॉलर.