मोठ्या गाडीचे ब्रेक

अण्णा, तुम्ही मला फसवलंत. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, दर वर्षी फोटोला हार घालते, पण हे वाक्य कधी मनात आलं नव्हतं. गेल्या आठवड्यात ते आलं, जुळे सोलापुरातल्या आमच्या पार्किंगमध्ये उघड्या चाकासमोर फतकल मारून बसले असताना. ह्यांना डोळ्यांमुळे डॉक्टरांनी गाडी बंद केली, म्हणजे तुमची जुनी गाडी आता मलाच चालवायची. म्हटलं, आधी ब्रेकचे पॅड नवे टाकू, आणि अण्णांनी शिकवलंय तर गॅरेज कशाला? दुकानात ऐटीत मोठ्या मॉडेलचे पॅड मागितले, आमच्या गाडीला मोठ्या गाडीचे ब्रेक आहेत असंही सांगून आले. घरी चाक काढलं, तर आत मूळची छोटीच डिस्क. पॅड काही केल्या बसेनात.

तो रविवार मला लख्ख आठवतो. तुम्ही चिंचोळी एमआयडीसीत फिटर, पण सुट्टीलाही हाताला काळं लागल्याशिवाय तुम्हाला जेवण जायचं नाही. भंगारातून मोठ्या मॉडेलच्या डिस्क आणि त्यांना चिमटून धरणारे कॅलिपर निवडून आणलेत. गाडी जॅकवर, मी कॉलेजातली, स्टिअरिंगमागे. ब्रेकच्या पाइपातली हवा काढायचीय, म्हणून तुम्ही चाकाजवळून ओरडताय, "दाब... धर... आता सोड की!" आणि मी पेडल दाबतेय. पोटरी भरून आलीय, पण उठत नाही. संध्याकाळी एक चक्कर मारून आलात आणि किल्ली माझ्या हातात दिलीत. "तुझ्यासाठी केलंय हे. आता कुटंबी जा. नुसता पाय टेकला तरी थांबतीय." दादाकडे त्याची स्वतःची तसलीच गाडी होती, पण असे ब्रेक नव्हते. मी त्याला किती चिडवलं!

पुढे मी मावशीकडे मंगळवेढ्याला राहून परत आले, तेव्हा पेडल वेगळं लागलं. विचारलं तर म्हणालात, "पॅड बदललेत. बसायला वेळ लागतो." मी मान डोलावली. मग सात रस्ता चौकात पुढची रिक्षा एकदम थांबली आणि मी दाबूनही आपली गाडी थांबली नाही. शेजारी बसलेल्या आईचं कपाळ समोर आपटलं, टाके पडले. दवाखान्याच्या व्हरांड्यात, नातेवाइकांसमोर, तुम्ही माझ्या हातातून किल्ली काढून घेतलीत. "गाडीचं काय चुकलं न्हाय. हिच्या पायातच जोर न्हाय." मी तेही खरं मानलं. तेव्हा डावीकडच्या सीटवर जाऊन बसले, ती आत्तापर्यंत. आईच्या कपाळावरची खूण दिसली की मीच नजर खाली घालायची.

चाकासमोरूनच दादाला फोन लावला. तो सहज म्हणाला, "अगं, ते ब्रेक तर माझ्या गाडीला बसवले की अण्णांनी. मी चिपळूणला नोकरीला निघालो तवा. तू मंगळवेढ्याला होतीस बघ. ह्याला रोज घाट हाय म्हणाले. तुला सांगितलं न्हवतं व्हय?"

नव्हतं. घाटाचं कारण मला कळतं हो, अण्णा. मागितले असते तर मीच पेडल दाबायला बसले असते. पण मी मोठ्या ब्रेकच्या भरवशावर पुढच्या गाडीच्या अगदी जवळून जात होते, आणि हे तुम्हाला ठाऊक होतं. आईच्या कपाळातून रक्त येत असतानाही तुम्ही माझ्या पायाकडे बोट दाखवलंत. दादाला ब्रेक दिलेत ते मी विसरेन. हे नाही विसरणार.

आज मी भंगारातून तसल्याच मोठ्या डिस्क आणि कॅलिपर आणून पुन्हा मोठे ब्रेक बसवले, माझ्या हाताने. ह्यांना सीटवर बसवून ओरडले, "दाब... धर... सोड!" नवऱ्याला अरेतुरे ऐकून शेजारचे गॅलरीत आले. हे मात्र हसून म्हणाले, "अगदी अण्णांचा आवाज." मला ते मुळीच आवडलं नाही.

हे पत्र तुमच्या फोटोमागे ठेवणार होते. नाही ठेवत. शेजारीच आईचा फोटो आहे. तिला तरी वाटू दे, की तुम्ही खरं बोलत होता.

एक मात्र सांगते. संध्याकाळी एकटीच सात रस्त्यावर जाऊन आले. सिग्नलला गाडी जागच्या जागी थांबली, पायात जोर आहे माझ्या. तरी ब्रेक दाबताना माझा डावा हात आपोआप शेजारच्या सीटपुढे आडवा गेला, आईचं कपाळ धरायला.