शिनोलीचा रोल

आबा, शिनोलीच्या त्या रोलाविषयी मी तुमच्याशी कधीच बोलले नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता कुठे लिहायला घेतलं आहे.

तेव्हा मी बावीस-तेवीसची. रंगीत रोल पुण्याहून धुऊन यायचे, काळे-पांढरे मात्र घोडेगावच्या आपल्या दुकानामागच्या खोलीत तुम्हीच धुवायचात. शिनोलीहून एकजण आला. त्याची आई अंथरुणाला खिळलेली, आणि उभ्या जन्मात तिचा एकही फोटो काढलेला नव्हता. तुमचा पाय मुरगळला होता म्हणून कॅमेरा घेऊन मी गेले. म्हातारीला बाजेसकट अंगणात आणलं होतं. भर दुपारचं ऊन, अंगावर पांढरं लुगडं. "लई येळ लावू नको गं बाई," ती म्हणाली, "डोळं दिपत्यात." मी घाईघाईने बारा फोटो काढले. परतीच्या एसटीत कॅमेरा पुसताना लक्षात आलं. आदल्या दिवशी एका घरात कमी उजेडात फोटो काढण्यासाठी भिंगाचं छिद्र पूर्ण उघडलं होतं, ते तसंच राहिलं होतं. बाराच्या बारा फोटोंवर नको तितका उजेड पडला होता.

त्यावरचा उपाय तुम्हीच शिकवला होता. "ज्यादा उजेड खाल्लेल्या रोलाला औषध कमी पाजायचं." डेव्हलपरमधून लवकर काढला की रोल वाचतो. फक्त तसं आधी सांगावं लागतं. संध्याकाळी सांगू म्हटलं, तर तुम्ही जेवत होतात. सकाळी सांगू म्हटलं, तर दुकानाच्या पायरीवर तोच माणूस बसलेला.

"आई पहाटं गेली. फोटू निघंल ना, भाऊ?"

"निघंल की. आमच्या पोरीनं काढलाय," तुम्ही म्हणालात.

त्याच्यासमोर कसं सांगायचं, म्हणून मी आत ट्रे मांडायला गेले.

तुम्ही अंधारात घड्याळ वापरत नसायचात. त्याचे चमकणारे काटेसुद्धा तुम्हाला नको असायचे. रोलाची दोन टोकं धरून तो ट्रेमधल्या औषधातून वरखाली फिरवायचा आणि सावकाश, एका लयीत त्रिसरण-पंचशील म्हणायचं. चार वेळा म्हणून झालं की रोल बाहेर. मी तुमच्या डाव्या हाताला उभी आहे. दाराच्या फटीला घोंगडी कोंबलेली, स्वतःचा हातही दिसत नाही. तुम्ही म्हणताय, औषध चुळुकचुळुक हलतंय. खोटं बोलणार नाही, हे शील येतं आणि पुढे जातं. आता सांगितलं तरी रोल वाचेल. दुसरी वेळ सुरू होते. मी तोंड उघडते. बाहेर बाकावर तो माणूस खोकतो. तिसरी. आता सांगितलं तर आधी का नाही सांगितलं, असं विचाराल. चौथी संपते, आणि मी तशीच उभी असते.

रोल पक्का करणाऱ्या हायपोमधून काढून तुम्ही तो उजेडाला धरलात. नुसता कोळसा. उजेड जादा असो की औषध, निगेटिव्ह सारखीच काळी पडते. तुम्ही घाबरलात, आबा. तुम्हाला तसं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. "कितींदा म्हटलं गं मी?" तुम्ही स्वतःशीच पुटपुटलात. "मोजणी चुकली जनू." मग लंगडत बाहेर जाऊन त्याला सांगितलंत, "भाऊ, माझ्या हातून औषध जादा झालं. पण बसा, काय तरी करतो."

काळेपणा उतरवणारं पिवळं पाणी तयार केलंत. त्यात पहिला फोटो कापून बुडवला. काळं विरलं, चेहरा वर आला, आणि बशी हलवेपर्यंत डोळ्यांच्या जागा कोऱ्या झाल्या. तिथे गेलेलं परत आणता येत नाही. तुम्ही बशी माझ्यापुढे सरकवलीत. "तू कर. माझ्या हाताचा आता भरवसा न्हाई." मी पाणी निम्म्याने पातळ केलं. दुसरा फोटो बुडवला आणि भीतीपोटी जरा लवकरच बाहेर काढला. म्हणून तो वाचला.

छापलेला फोटो तो कितीतरी वेळ बघत बसला. लुगड्याची एकही चुणी दिसत नव्हती, सगळं पांढरंफटक. "आई येवढी गोरी न्हवती," तो म्हणाला. "पन नजर तीच हाय. आता वरडंल बगा."

त्यानंतर तुम्ही अंधाऱ्या खोलीत पाऊल टाकलं नाहीत. गिऱ्हाइकाला सांगायचात, "आता पोरगी धुती. माझा मेळ बसत न्हाई." रस्त्याकडे तोंड करून गल्ल्यावर बसून राहायचात. लोकांना वाटायचं, मुलीवर केवढा विश्वास टाकला. मलाही तसंच वाटून घेणं सोयीचं गेलं.

मंचरच्या दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तुम्ही अचानक विचारलंत, "शिनोलीच्या टायमाला कितींदा म्हटलं व्हतं गं मी?" मी उशी सारखी करत म्हटलं, "आठवत नाही, आबा."

चारच वेळा म्हटलं होतंत. मी मोजत होते.

हे पत्र आईला वाचून दाखवावं, असं दोनदा मनात आलं. ती अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की त्या रोलापासून ह्यांचं ध्यान ढळलं. मी शेजारीच बसलेली असते. कुणी माझ्याकडे पाहिलं, की मी मान डोलावते.