कोपऱ्यात गेलेलं हिरवं बटण

बेंगळुरू, ९ मार्च

अहो,

सप्रेम नमस्कार. सोमवार, ३ मार्च, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी संयोगितानं इथे बसूनच तुमच्या मोबाइलवरचं ‘मी बरा आहे’ हे मोठं हिरवं बटण काढून कोपऱ्यात ठिपका केला. लेक अशी बटणं शेकडो ॲपसाठी बनवते.

“आई, आता सुटसुटीत दिसतं.”

“सुटसुटीतपणा आधी तुझ्या कपाटात आण,” म्हटलं.

तुमचं थरथरतं बोट त्या ठिपक्यावर बसत नसणार. सहा दिवस रोज सकाळी फोनकडे बघत बसले, तुमचा निरोप नाही. तुमच्या शेजारची रेश्मा पलूसहून कळवते, बरे आहात. मला ते तुमच्याकडून हवं.

मी ठीक, जरा दमलेय. गोळ्या घेता ना?

२० मार्चच्या आत पोस्टकार्डावर स्वतःच्या हातानं उत्तर लिहा. अक्षर हललं तरी चालेल. तेच लेकीपुढे ठेवून बटण केवढं हवं ते मापायला सांगणार आहे.

वाट पाहणारी,
विजयमाला