तुम्ही देऊन टाकलेला गोलंदाज

अप्पा, तो पोरगा दुसऱ्या गिरणीला देऊन टाकलात ते बरोबर केलंत की चूक, याचा निकाल आपल्या चाळीत अजून लागलेला नाही. आणीबाणीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. तुम्ही सूतखात्यात जॉबर, म्हणजे मुकादम, आणि गिरणीच्या क्रिकेट संघाचे कप्तान. मी अकरावीत, धावांची वही माझ्याकडे. तो विणकराच्या घरातला, घरी तेलुगू बोलणारा, विशीतला बदली कामगार. त्याच्यासारखा वेगवान चेंडू सोलापुरात कुणी टाकत नव्हतं. आणि तुम्ही त्याच्या बदल्यात चाळिशीचा, पोट सुटलेला एक फलंदाज घेतलात. काका गेल्यापासून सलामीला कुणी नाही, असं सगळ्यांना सांगितलंत. काका म्हणजे तुमचे जोडीदार. आदल्या उन्हाळ्यात आपल्याच खेळपट्टीवर, बॅट हातात असताना कोसळलेले. पण खरं कारण ते नव्हतं.

पहिली पाळी सुटल्यावर आपण दोघं मैदानावर जातो. ऊन एवढं, की पलीकडची भिंत हलल्यासारखी दिसतेय. तो एकटाच सराव करतोय. समोर तीन यष्ट्या, बाकी कुणी नाही. तो धावत येतो, मध्येच थांबतो आणि म्हणतो, "तुमी तयार व्हा की आदी." मग वाट बघत उभा राहतो. रिकाम्या क्रीजवरून आवाज येतो. बॅट दोनदा आपटल्याचा, मग माती लांबवर खरवडल्याचा. काका अगदी तसंच करायचे. काका गेल्यावर गिरणीत लागलेल्या या पोराने तर त्यांना कधी पाहिलंही नव्हतं. माझ्या खांद्यावरचा तुमचा हात घट्ट होतो. "ऐकलंस का गं काही?" मी म्हणते, "नाही अप्पा." हो म्हटलं तर ते खरं होईल, असं मला वाटलं होतं. तुम्ही पुढे जाऊन त्याला विचारलंत, "कुणाशी बोलतोयस?" तो घामाने निथळत होता. "रोज येत्यात. सोडतच न्हाईत, अप्पा. अजून एक टाक म्हणत्यात." दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याला देऊन टाकलंत.

पुढचे दोन हंगाम त्याने आपल्याला धुऊन काढलं. अंतिम सामन्यात सात गडी. तुम्ही पानाच्या दुकानाशी आलात की बोलणी थांबायची. नव्या फलंदाजाचे गुडघे वर्षभरात गेले. संघापुरतं बघाल तर सौदा चुकलाच. वही मीच लिहीत होते.

मागच्या महिन्यात तो गोलंदाज दवाखान्यात भेटला. केस सगळे पांढरे. राग आहे का, मीच विचारलं. "राग कशाचा, अक्का? तितं, दुसऱ्या गिरणीत, पहिल्या दिवशी समोर बघितलं, कुणीच न्हाई. मैदानात बसून रडलो मी. अप्पांनी सोडवलं मला." मग हळूच म्हणाला, "मी गेल्यावर दुपारी अप्पाच जायचे की आपल्या मैदानावर. एकटे. चेंडू घेऊन." त्या वर्षी तुमचा उजवा हात सुजलेला असायचा. आई एरंडाचं पान गरम करून बांधायची आणि तुम्ही म्हणायचात, मशीनला लागलं.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. कपाटात ठेवते आहे. तुमच्या तेराव्याला जुने खेळाडू पंगतीत म्हणाले होते, "माणूस सोन्यासारखा, तेवढा एक सौदा चुकला." मी भात वाढत होते, अप्पा. मीही मान डोलावली.